अपडेट पुढे जातं आणि मागे येतं: अमळनेरच्या घरच्या कॉम्प्युटरच्या नोंदी

१८ ऑक्टोबर २०२५, शनिवार (धनत्रयोदशी)

यंत्र नानांचं, म्हणजे मोठ्या काकांचं. अमळनेर तालुक्यातलं आमचं गाव, ओसरीतलं टेबल. जुळणी करून घेतलेला डेस्कटॉप: चौथ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क. मूळचं विंडोज ७. २०१६ मध्ये फुकट अपग्रेडची मुदत संपण्याआधी त्याचं विंडोज १० केलेलं. आजची आवृत्ती १९०९, म्हणजे २०२१ च्या मे महिन्यातच मायक्रोसॉफ्टचा आधार (सपोर्ट) संपलेली.

तक्रार: बंद करताना ‘अपडेटवर काम सुरू आहे’ येतं, आकडा चढतो, मशीन परत सुरू होतं आणि ‘केलेले बदल मागे घेत आहोत’ असं म्हणत अर्धा तास खातं. अमळनेरच्या एका दुकानात दाखवलं होतं. तिथे उत्तर मिळालं, ‘फॉरमॅट मारावं लागेल.’

फॉरमॅट हा शेवटचा रस्ता. यात कापूस वेचणीच्या मजुरीचे किलोवारी हिशोब आहेत आणि भजनी मंडळाची सगळी पत्रं जुन्या शिवाजी फॉन्टमध्ये टाईप केलेली आहेत. तो फॉन्ट गेला की पत्रांत नुसत्या इंग्रजी अक्षरांचा खिचडा दिसणार. हिशोबाच्या जुन्या सॉफ्टवेअरची सीडीही सापडत नाही.

विंडोज ११ चा विचार इथेच संपतो. त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते, सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) लागतं आणि प्रोसेसर मान्य यादीतला लागतो. इंटेलमध्ये ती यादी ढोबळमानाने आठव्या पिढीपासून सुरू होते. रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या साठ्यात, खाडाखोड करून जबरदस्तीने बसवता येतं, पण पुढे अपडेट मिळतीलच याची हमी नाही. अपडेट मिळावेत म्हणून चाललेल्या कामात तो उपाय काय कामाचा!

विंडोज १० चा नेहमीचा आधार या मंगळवारी, १४ ऑक्टोबरला संपला. घरगुती ग्राहकांसाठी वाढीव सुरक्षा अपडेटची योजना, म्हणजे ईएसयू, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. तिला आवृत्ती २२एच२ लागते. त्यामुळे काम असं ठरलं: १९०९ वरून २२एच२, मग ईएसयू, आणि घरातली एकही फाईल न गमावता.

नानांचं मत वेगळं. ‘चालू शे ना, मंग कसाले हात लावस?’

१८ ऑक्टोबर, रात्री

अपडेटचा इतिहास उघडून पाहिला. कोड एक नाही, तीन प्रकारचे आहेत (पुढचं शून्य-एक्स लिहीत नाही): ८००७२एफ८एफ, ८००७००७० आणि ८००एफ०९२२. पहिला घड्याळाचा किंवा प्रमाणपत्राचा, दुसरा जागेचा. तिसरा संदिग्ध आहे, अनेक कारणांनी येतो. नेटवर कोड टाकला की प्रत्येकाखाली तीच ती आज्ञांची माळ मिळते. ती सरसकट चालवणार नाही. तीन कोड म्हणजे तीन अडथळे असू शकतात, आणि पहिला दूर झाल्याशिवाय पुढचा दिसतही नाही.

सुरुवात घड्याळापासून. मशीनची तारीख जानेवारी २०१३. नाना म्हणाले, ‘ते तसंच दाखवतं, मी बघत नाही.’ तारीख बारा वर्षं मागे असेल तर सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र ‘अजून लागूच झालेलं नाही’ असं मशीनला वाटतं आणि जोडणी तुटते. विंडोजची आपोआप वेळ लावणारी सेवा घरगुती मशीनवर १५ तासांहून मोठा फरक स्वतःहून दुरुस्त करत नाही; एवढा फरक दिसला तर ती हात आखडता घेते.

कॅबिनेट उघडलं. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल मल्टिमीटरवर दीड व्होल्टच्याही खाली. नवा तीनच्या वर दाखवतो. सेल जुना आहेच, पण काकू रोज रात्री भिंतीवरचं बटण बंद करतात. मागे वीज असली की घड्याळ त्यावर चालतं. बटण बंद झालं की सगळा भार सेलवर येतो. सकाळी घड्याळवाल्याकडून आणायचा.

१९ ऑक्टोबर, रविवार

सेल बदलला, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये) वेळ लावली. हार्ड डिस्क एसएटीए पोर्टवर आयडीई मोडमध्ये, म्हणजे जोडणीच्या जुन्या पद्धतीत, आहे. तिला हात लावला नाही. ते बदललं तर विंडोज सुरूच न होण्याची शक्यता.

पुढचं काही करण्याआधी बॅकअप. इथे एक खोच आहे, कुणाला उपयोगी पडेल म्हणून सविस्तर लिहितो. घड्याळ मागे असताना सेव्ह झालेल्या फायलींवर २०१३ ची तारीख पडली आहे. परवाचा मजुरीचा तक्ता २०१३ चा दिसतो आणि त्याचीच गेल्या वर्षीची जुनी प्रत २०२४ ची. ‘फक्त नवीन फायली कॉपी करा’ किंवा ‘नवी असेल तरच जुनीवर लिहा’ अशा पद्धतीने बॅकअप घेतला असता तर परवाचा तक्ता मागे राहिला असता, आणि सगळं नीट झालं असंच वाटलं असतं. म्हणून बाहेरच्या डिस्कवर नवा रिकामा फोल्डर केला आणि त्यात सगळं जसंच्या तसं उतरवलं. विंडोजच्या फॉन्ट फोल्डरमधून शिवाजीच्या फायली वेगळ्या काढल्या. नंतर नानांना शेजारी बसवून महत्त्वाचे तक्ते बाहेरच्या डिस्कवरूनच उघडून दाखवले. बेरजा जुळल्या.

डिस्कची तब्येत तपासली. स्मार्टच्या तक्त्यात (डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते ती नोंद) बदललेले सेक्टर, म्हणजे डिस्कचे छोटे कप्पे, शून्य, वाचायचे राहिलेले सेक्टर शून्य. डिस्क म्हातारी आणि मंद आहे, आजारी नाही. हे आधी पाहणं फार गरजेचं. मरायला टेकलेल्या डिस्कवर अपग्रेड चालवणं म्हणजे तिला शेवटचा धक्का देणं.

सी ड्राइव्हवर ७ जीबी मोकळे. ६४-बिट विंडोजला अपग्रेडसाठी निदान २० जीबी हाताशी हवेत. ८००७००७० चा उलगडा झाला. डेस्कटॉपवर व्हॉट्सॲपचे व्हिडिओ निघाले: लग्नं, कीर्तनं, कुणाच्या तरी ट्रॅक्टरची पूजा. सगळे डी ड्राइव्हवर हलवले. हायबरनेशन (मेमरी डिस्कवर उतरवून मशीन झोपवण्याची सोय) बंद केलं, त्याची फाईल साधारण रॅमच्या चाळीस टक्के जागा घेते. डिस्क क्लीनअप ‘सिस्टम फाइल्स’सह चालवलं. अपडेट सेवा थांबवून ‘सॉफ्टवेअर डिस्ट्रिब्युशन’ फोल्डरचं नाव बदललं, सेवा परत सुरू केली, नवा फोल्डर झाल्यावर जुना काढला. हा उपाय नेटवर रामबाण म्हणून सांगतात. इथे त्याने अर्धवट उतरलेला माल साफ झाला आणि जागा मिळाली, एवढंच. आता मोकळी जागा ३० जीबीच्या वर.

काकू: ‘पह्यले जेवी ले.’

२० ऑक्टोबर, सोमवार

वेळ दुरुस्त झाल्यावर अपडेटचा शोध लगेच चालला, ८००७२एफ८एफ गेला. पण घरचं इंटरनेट म्हणजे मोबाईलचा हॉटस्पॉट आणि दिवसाला ठरलेला डेटा. कुणीतरी जोडणीवर ‘मीटर्ड’ची खूण करून ठेवली आहे, ती असली की विंडोज मोठी डाउनलोडं आपण होऊन करत नाही. खूण बरोबरच आहे, राहू दिली.

२२एच२ चं पूर्ण आयएसओ, म्हणजे विंडोज बसवण्याचा सगळा माल असलेली एकच फाईल, साडेपाच जीबीच्या पुढे. अमळनेर शहरात चुलतभावाकडे फायबर आहे, तिथून आणलं. विप्रोची सुरुवात १९४५ मध्ये याच गावी वनस्पती तुपाच्या कारखान्याने झाली. आयटी कंपनीचं जन्मगाव आमच्या तालुक्याचं आणि आम्ही साडेपाच जीबी पेनड्राइव्हवर घालून मोटरसायकलवरून नेतो.

दोन गोष्टी तिथेच पाहिल्या. एक, उतरलेल्या फायलीचा एसएचए-२५६ हॅश (फाईल बदलली की बदलणारा तिचा ठसा) पॉवरशेल या आज्ञांच्या खिडकीतून काढून मायक्रोसॉफ्टच्या डाउनलोड पानावरच्या आकड्याशी ताडला. दोन, भाषा. बसलेल्या विंडोजची मूळ भाषा आणि आयएसओची भाषा एकच हवी. अमेरिकन इंग्रजीवर ‘इंग्लिश इंटरनॅशनल’चं आयएसओ लावलं की सेटअपमधला ‘फायली आणि ॲप्स ठेवा’ हा पर्याय निवडताच येत नाही. नेमका तोच पर्याय आपल्याला हवा. निघताना डिस्म या विंडोजच्या तपासणी-दुरुस्तीच्या साधनाच्या ‘गेट-इंटल’ने विचारून घेतलं होतं: अमेरिकन. तेच आणलं.

२१ ऑक्टोबर, मंगळवार (लक्ष्मीपूजन)

काम बंद. हिशोबाच्या वहीशेजारी कॉम्प्युटरचीही पूजा झाली. कॅबिनेटवर हळदीकुंकू, कीबोर्डवर झेंडूची पाकळी. नानांनी सांगून ठेवलं आहे, आज स्क्रू फिरवायचा नाही.

२३ ऑक्टोबर, गुरुवार (भाऊबीज)

अँटिव्हायरस तात्पुरता काढला. जास्तीचा प्रिंटर आणि पेनड्राइव्ह सोडवले. फक्त कीबोर्ड, माऊस आणि मॉनिटर. आयएसओ डी ड्राइव्हवर ठेवून तिथूनच उघडलं. ‘सेटअप अपडेट कसे उतरवतं’ यात ‘आत्ता नको’ निवडलं, म्हणजे हॉटस्पॉटची गरज नाही.

सेटअप तपासणीपुढे गेलं आणि थांबलं: ‘सिस्टम रिझर्व्हड पार्टिशन अपडेट करता आलं नाही.’ (हे पार्टिशन म्हणजे विंडोज सुरू करणाऱ्या फायलींचा डिस्कवरचा छोटा राखीव भाग.)

हाच तो तिसरा अडथळा. इतिहासात ८००एफ०९२२ या मुखवट्यामागे हाच होता. अपडेटच्या खिडकीत फक्त कोड दिसतो. खरं वाक्य सेटअपने काढलं.

खात्रीसाठी नोंद-फाईल पाहिली. सी ड्राइव्हवर डॉलरच्या खुणेने सुरू होणारा लपलेला ‘विंडोज-बीटी’ फोल्डर असतो, त्यात ‘सोर्सेस’ आणि त्यात ‘पँथर’. तिथल्या ‘सेटअपएर’ फाईलमध्ये फक्त चुका असतात, ‘सेटअपॲक्ट’मध्ये सगळा प्रवास. शेवटून वर वाचत जायचं. दोन्ही फायली जागेच्याच तक्रारीशी थांबत होत्या.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये पाहिलं: पहिलं पार्टिशन १०० एमबीचं. विंडोज ७ बसवताना एवढंच पार्टिशन आपोआप बनायचं. त्या काळाला ते पुरत होतं. मोकळं किती? ८ एमबी. सेटअपला तिथे सुमारे १५ एमबी लागतात. सी ड्राइव्हवर तीस जीबी रिकामे असताना गाडं सात एमबीवर अडलेलं!

२३ ऑक्टोबर, संध्याकाळी

पार्टिशन मोठं करणारी बाहेरची सॉफ्टवेअरं आहेत. घरच्या मशीनवर, संध्याकाळच्या विजेच्या भरवशावर, सी ड्राइव्ह सरकवायला मी तयार नाही. मायक्रोसॉफ्टने सांगितलेला छोटा रस्ता घेतला: आतली अडगळ काढायची.

पार्टिशनला तात्पुरतं वाय अक्षर दिलं. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट. ‘टेकओन’ने मालकी घेतली, ‘आयकॅकल्स’ने आधीच्या परवानग्या एका फाईलमध्ये जपल्या आणि स्वतःला हक्क दिले. मग ‘बूट’ फोल्डरमधला ‘फॉन्ट्स’. मशीन सुरू होतानाचा मेनू निरनिराळ्या भाषांत दाखवण्यासाठी तिथे फॉन्ट असतात. सगळ्यात जाडजूड म्हणजे चिनी, जपानी आणि कोरियन लिप्यांचे, एकेक दोन ते चार एमबीचा. मराठीचा तिथे नाहीच, म्हणजे आमच्या गावात तरी कुणाचं काही जाणार नाही. फोल्डरमधल्या फायली काढल्या. ‘बूट’मधल्या बाकी कशालाही हात लावायचा नाही. तिथली ‘बीसीडी’ (विंडोज कुठून सुरू करायचं ही नोंद) गेली की मशीन सुरूच होणार नाही.

दुसरी अडगळ डोळ्यांना दिसत नाही: एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवर फायली मांडण्याच्या विंडोजच्या पद्धतीची, स्वतःची नोंदवही. ‘चेकडिस्क /एल वाय:’ विचारलं की तिचा आकार केबीमध्ये कळतो. ५००० च्या वर असेल तर छाटता येते. आज्ञा अशी: चेकडिस्क वाय: /एफ /एक्स /एसडीक्लीनअप /एल:५०००. छाटली. परवानग्या जपलेल्या फाईलवरून परत लावल्या, वाय अक्षर काढलं.

मोकळी जागा पंधराच्या बरीच वर. बहिणी ओवाळायला खोळंबल्या होत्या, मशीन तसंच सोडून उठलो.

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

सकाळी सेटअप. ‘फायली आणि ॲप्स ठेवा’ची खूण जागेवर. रिझर्व्हड पार्टिशनचा टप्पा निमूट पार. ४ जीबी रॅम आणि फिरती डिस्क म्हणजे वेळ लागणारच. आकडा एकाच जागी वीस-वीस मिनिटं थांबतो. तेव्हा डिस्कचा लाल दिवा पाहायचा. तो लुकलुकतोय तोवर बटणाला हात लावायचा नाही.

आकडा साठ टक्क्यांच्या पुढे गेल्यावर वीज गेली. इन्व्हर्टर लागला, पंखा चालू राहिला, कॉम्प्युटर मात्र बंद. वीज आल्यावर विंडोजने सगळं मागे घेतलं आणि १९०९ वर सुखरूप परत आलं. या मागे घेण्याला लोक वैतागतात. मला तो विंडोजचा सगळ्यात शहाणा भाग वाटतो; अर्ध्यात बंद पडलेलं अपग्रेड सोडून जुनं घर जसंच्या तसं उभं करणं सोपं नाही.

नाना दारातून: ‘बापू, आते काय व्हयनं?’

इव्हेंट व्ह्यूअरमध्ये (विंडोजच्या घडामोडींच्या नोंदवहीत) ‘कर्नल-पॉवर ४१’ची नोंद, म्हणजे रीतसर बंद न होता वीज तुटली. त्याखाली मागच्या महिन्यांतल्या अशाच बऱ्याच नोंदी. काहींच्या वेळा अपडेट बसण्याच्या वेळांशी जुळतात. म्हणजे मागे येणारे सगळेच अपडेट जागेमुळे मागे आलेले नाहीत.

आता प्रश्न, इन्व्हर्टर असून कॉम्प्युटर का बंद पडतो? इन्व्हर्टरच्या मागच्या बाजूला छोटं बटण असतं: ‘यूपीएस’ आणि ‘नॉर्मल’. हे नॉर्मलवर होतं. त्यात विजेवरून बॅटरीवर यायला थोडा जास्त वेळ लागतो आणि व्होल्टेजची मुभाही सैल असते. पंख्या-दिव्याला ते चालतं, कॉम्प्युटरला वीज देणाऱ्या डब्याला, एसएमपीएसला, नाही. यूपीएसवर केलं. कॉम्प्युटर साध्या डेस्कटॉपवर सुरू ठेवून मेन स्विच पाडला. बंद पडला नाही. परत पाडला, तरी चालू.

खाली काकूंची टीव्हीवरची मालिका दोन्ही वेळा तुटली. त्याबद्दल ऐकून घेतलं.

२५ ऑक्टोबर, शनिवार

बॅटरीत पाणी कमी होतं. डिस्टिल्ड वॉटर घातलं, रात्रभर चार्ज. सकाळी पंखे बंद ठेवून, इन्व्हर्टरवर फक्त कॉम्प्युटर ठेवून सेटअप सुरू. दुपारी मळ्यात जाऊन आलो. कापूस फुटलाय, पण परतीच्या पावसाने काही बोंडं काळी पडली आहेत.

संध्याकाळी स्क्रीनवर डेस्कटॉप. ‘विनव्हर’ टाकलं: आवृत्ती २२एच२, बिल्ड १९०४५.

तपासणी: तक्ते उघडले. शिवाजीतली पत्रं शिवाजीतच दिसतात. हिशोबाचं जुनं सॉफ्टवेअर चालतं. प्रिंटरचा ड्रायव्हर मात्र परत घालावा लागला. ‘विंडोज-ओल्ड’ फोल्डर दहा दिवस राहतो, तेवढ्यात परत जाण्याची सोय असते. तो आत्ता काढायचा नाही.

मग डिस्म ‘रिस्टोअरहेल्थ’ आणि त्यानंतर विंडोजच्या फायली तपासणारं एसएफसी ‘स्कॅननाउ’. क्रम असाच, कारण एसएफसी ज्या साठ्यातून चांगल्या फायली घेतं तो साठा डिस्म दुरुस्त करतं. दोन्ही स्वच्छ. चुलतभावाकडून आणलेला १४ ऑक्टोबरचा एकत्रित अपडेट, केबी५०६६७९१, हाताने बसवला. मागे आला नाही.

२६ ऑक्टोबर, रविवार

ईएसयू. सेटिंग्जमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर नोंदणीची ओळ यायला हवी. आली. पर्याय तीन: सेटिंग्ज मायक्रोसॉफ्ट खात्याशी जुळवत ठेवली तर फुकट, नाहीतर एक हजार रिवॉर्ड्स पॉइंट, नाहीतर एकदाच ३० डॉलर किंवा तेवढे रुपये. तिन्हींना मायक्रोसॉफ्ट खातं लागतंच. नानांचं मशीनवर साधं स्थानिक खातं होतं.

नानांची शंका रास्त होती: माझे हिशोब बाहेर जाणार का? जुळवायची आहेत ती सेटिंग्ज. फायलींचा बॅकअप वेगळा असतो. वनड्राइव्हमधला डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्सचा बॅकअप बंद आहे हे त्यांना दाखवलं, तेव्हा त्यांनी ओटीपी वाचून दाखवला. खातं झालं, नोंदणी झाली. पासवर्ड हिशोबाच्या वहीत शेवटच्या पानावर, त्यांच्याच अक्षरात. यावर सुरक्षेचे जाणकार नाक मुरडतील. ओसरीतल्या कपाटातली वही मला इंटरनेटवरच्या चोरापासून सुरक्षित वाटते.

काकूंशी बोलून ठरलं: महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारनंतरचा आठवडा भिंतीवरचं बटण रात्री बंद करायचं नाही. मायक्रोसॉफ्टचे महिन्याचे अपडेट त्या मंगळवारी निघतात, आपल्याकडे रात्री उशिरा दिसतात.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

जळगावहून, क्विक असिस्टवरून (दुरून मशीन हाताळायची विंडोजची सोय). मंगळवारी, ११ तारखेला, ईएसयूचा पहिला महिना सुरू झाला. काही घरगुती मशीनांवर नोंदणीचा विझार्डच अडत होता, त्यासाठी मायक्रोसॉफ्टने त्याच दिवशी वेगळी दुरुस्ती काढली. नानांची नोंदणी आधीच झालेली, त्यामुळे तिची गरज पडली नाही. केबी५०६८७८१ उतरला. मीटर्डची खूण असल्याने ‘डाउनलोड’ हाताने दाबावं लागलं. इतिहासात ‘यशस्वीरीत्या बसवला’.

विंडोज-ओल्डची मुदत संपून तो गेला, सी ड्राइव्हवर परत जागा आली.

शिल्लक: २४० जीबीची एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) मागवली आहे. क्लोन, म्हणजे जुन्या डिस्कची तिच्यावर नक्कल, करताना पहिलं पार्टिशन १०० चं ५०० एमबी करायचं. क्लोन करणारं सॉफ्टवेअर बहुतेक जुनीच मापं उचलतं, तो आकडा आपण हाताने भरायचा. नाताळच्या सुट्टीत.